तिसऱ्या दारासमोरच्या चपला

गेल्या वर्षी आमच्या रुग्णगटाने एक छोटी पुस्तिका काढली. घशाच्या कॅन्सरमुळे ज्यांचं स्वरयंत्र काढून टाकलं आहे आणि जे आता गळ्याला पाडलेल्या भोकातून श्वास घेतात, अशा आम्हा काही जणांचे अनुभव तिच्यात आहेत. नव्या पेशंटला धीर यावा एवढाच हेतू. त्यात माझीही दोन पानं आहेत. नळी कशी साफ करायची, आंघोळीला काय जपायचं, ऑपरेशननंतर पहिल्यांदा आरशात बघताना काय वाटतं, हे सगळं मी खरं लिहिलं होतं. एक वाक्य तेवढं खोटं होतं. ‘त्या मंगळवारी सुदैवाने मला चाळिसावा नंबर मिळाला.’

तो मिळाला नव्हता. तो मी घेतला होता.

माझं वय चौऱ्याहत्तर. परळच्या एका मोठ्या सरकारी हॉस्पिटलात केसपेपरच्या खिडकीवर मी एकतीस वर्षं काढली. नंबर म्हणजे काय हे मला दुसऱ्या कुणी सांगायची गरज नव्हती. म्हणून हे पुन्हा लिहितो आहे. पुस्तिकेतली पानं ज्यांनी वाचली असतील, त्यांनी ती याच्याबरोबर ठेवावीत.

आवाज

आवाज बसला तो गणपतीत. लालबागला आमच्या चाळीत आरत्या अकरा दिवस चालतात, त्यामुळे कुणाचाच आवाज जागेवर नसतो. बायको सुलभा म्हणाली, “दर वर्षाचाच आसा तुमचा.” ती मालवणकडची. घरात आम्ही मालवणी बोलतो, भांडतो मात्र शुद्ध मराठीत.

दिवाळी आली तरी आवाज आला नाही. आमच्या गल्लीतले जुने डॉक्टर वारले, तेव्हा त्यांच्या दवाखान्यात मोबाईलचं दुकान झालं. तिथून पुढच्या चौकात एक डॉक्टर संध्याकाळी दोन तास बसतात. त्यांनी गुळण्या दिल्या, मग गोळ्या दिल्या, मग एक दिवस टॉर्च विझवून म्हणाले, “नाना, दुर्बिणीतून बघायला हवं. माझ्याकडे ते नाही. तुमच्याच हॉस्पिटलात जा.”

मुलगा नितीन म्हणाला, “बाबा, तुम्ही तिथे एवढी वर्षं होतात. कुणाला तरी सांगा ना.”

सांगणार कुणाला? मला निवृत्त होऊन तेव्हा चौदा वर्षं झाली होती. माझ्या वेळच्या सिस्टर गेल्या, वॉर्डबॉय मामा लोक गेले. आणि डॉक्टर? कान-नाक-घसा विभागात माझ्या काळी चार डॉक्टर बसत. चार खोल्या, चार दारं, प्रत्येक दारावर पितळी पाटी. चौकशीला गेलो तेव्हा पाट्या चारही होत्या, पण तीन दारांना कुलूप होतं. एक डॉक्टर निवृत्त झाले, एक परदेशी गेले, एकांची बदली झाली. जागा भरल्याच नाहीत. पहिल्या दाराच्या खोलीत एक तरुण डॉक्टरबाई होत्या, तेवढ्याच. नव्या पेशंटचा घसा दुर्बिणीतून तपासायचा तर फक्त मंगळवार, आणि मंगळवारी चिठ्ठ्या फक्त चाळीस. एक माणूस दिवसात त्याहून जास्त घशांत बघू शकत नाही.

विचित्र वाटलं ते वेगळंच. शिपाई येऊन रोज मेन बटण चालू करायचा. चारही खोल्यांना एकच बोर्ड होता. त्यामुळे कुलूपबंद खोल्यांतही दिवा लागायचा, पंखा फिरायचा. दाराच्या वरच्या धुरकट काचेतून उजेड दिसायचा आणि पात्यांची सावली. नवीन माणूस हमखास त्या दारावर टकटक करायचा आणि आतून कुणी ‘या’ म्हणेल म्हणून थांबून राहायचा.

वस्तूंची रांग

त्या मंगळवारी मी पावणेसहाला पोचलो. फाटक साडेपाचला उघडतं. दुसऱ्या मजल्यावरच्या लांब व्हरांड्यात रांग लागलेली होती, पण रांगेत माणूस नव्हता.

ज्यांनी हे पाहिलेलं नाही त्यांना सांगतो. आजारी माणूस दोन तास उभा राहू शकत नाही. म्हणून तो आपली वस्तू रांगेत ठेवतो आणि भिंतीला टेकून बसतो, खाली चहाला जातो, बाकावर आडवा होतो. पाण्याची बाटली, पिशवी, वीट, दुमडलेलं वर्तमानपत्र, हेल्मेट, देवाचा फोटो असलेला डबा. साडेसातला वॉचमन शिट्टी वाजवतो, मग माणसं धावत येऊन आपापल्या वस्तूवर उभी राहतात. कुणी कुणाची वस्तू हलवत नाही. हे कुठे लिहिलेलं नाही, पण एकतीस वर्षांत मी ते मोडलेलं पाहिलं नव्हतं. जिथे माणसाला माणूस ढकलतो, तिथे फुटक्या बाटलीला कुणी हात लावत नाही.

त्या वेळी व्हरांड्यात दिवे अर्धेच होते. खिडकीपासून सुरू झालेली ती वस्तूंची ओळ पहिल्या दारासमोरून, दुसऱ्या दारासमोरून गेली होती. बाकांवर शाली पांघरलेले आकार होते, पण एकही हलत नव्हता. कुणी खोकतही नव्हतं. घशाच्या ओपीडीत खोकला नाही, हे कानाला बरोबर वाटत नव्हतं.

मी माझी कापडी पिशवी शेवटी ठेवली आणि सवयीने मोजलं. एक्केचाळीस. पुन्हा मोजलं. तिसऱ्यांदा बोट दाखवत मोजलं. एक्केचाळीसच.

माझ्या पुढे, बरोबर तिसऱ्या दारासमोर, चाळिसाव्या जागी बायकी चपलांचा जोड होता. तपकिरी, टाचेला झिजलेल्या. उजव्या चपलेचा अंगठा तुटलेला होता आणि तो निळ्या दोऱ्याने शिवला होता. चांभाराचं काम नव्हतं ते. घरी, सुईने, बारीक टाके घालून.

नोकरीत असताना खिडकी उघडण्याआधी मी रोज एक काम करायचो. रांगेच्या कडेने चालत जायचो आणि वाकड्या झालेल्या वस्तू पायाने सरळ करायचो, म्हणजे स्ट्रेचरला वाट राहते. लोकांना त्याची सवय होती. तो नियमभंग नव्हता, उलट तो नियमच होता, आणि तो अधिकार फक्त माझा होता.

मी तेच करायला लागलो. पहिल्या वस्तूपासून. बाटली सरळ केली, वीट सरळ केली. बाकावरच्या एका जुन्या ओळखीच्या माणसाने शाल बाजूला करून बघितलं आणि हसून म्हटलं, “काका, ड्युटीवर आहात का अजून?” मीही हसलो. असं करत चपलांपर्यंत आलो आणि त्या पायाने मागे घेतल्या. माझ्या पिशवीच्या मागे. मग पिशवी पुढे सरकवली, चपला तिच्या मागे नीट जुळवून ठेवल्या. एका पावलाचं काम. रांग अगदी सरळ दिसत होती.

मला कुणी पाहिलं नाही असं नाही. सगळ्यांनी पाहिलं. पण पाहिलं ते एका म्हाताऱ्या क्लार्कला रांग सरळ करताना.

शिट्टी

त्या मजल्यावरचं बायकांचं शौचालय बंद होतं, त्यामुळे बायकांना मागच्या इमारतीत जावं लागायचं. ती तिथे गेली होती, अनवाणी. साडेसातची शिट्टी झाली, सगळे धावले, आणि ती सर्वांत शेवटी, भिंतीला हात लावत आली. साठीच्या आसपासची, काठापदराचं सुती पातळ, ओले पाय. आपल्या चपलांवर येऊन उभी राहिली. मग तिने पुढे बघितलं. पुढे माझी पाठ होती.

वॉचमन पवार माझ्या ओळखीचा. माझ्या शेवटच्या वर्षांत तो नवीन लागला होता. चिठ्ठ्या वाटत तो आला, मला चाळीस नंबरची दिली आणि त्याचा हात रेल्वेच्या फाटकासारखा माझ्या पाठीमागे आडवा झाला. “बस. संपलं. बाकीचे पुढच्या मंगळवारी.”

ती काहीतरी म्हणाली. आवाज नव्हताच. नुसता वारा, कागद फाटल्यासारखा. “माझ्या चपला ह्यांच्या पुढं होत्या.”

“काय? मोठ्यानं बोला, बाई.”

“पुढं होत्या. ह्या दारासमोर.”

“अहो, घशाच्या ओपीडीला मोठ्यानं बोला म्हणतोय!” मागून कुणीतरी म्हणालं आणि दोघं-तिघं हसले. पवारही हसला. मग माझ्याकडे वळला. “नाना सांगतील. इथले जुने क्लार्क आहेत, नाना खोटं नाही बोलणार. नाना, बाईच्या चपला कुठं होत्या?”

तिने माझ्याकडे बघितलं. तिच्या डोळ्यांत राग नव्हता. तिला खात्री होती, मी खरं सांगेन अशी.

मी म्हणालो, “माझ्या मागं.”

दोनच शब्द. माझा आवाजही तोवर तिच्यासारखाच झाला होता. नुसता वारा. पण माझं पवारला लगेच ऐकू गेलं.

चाळीस

माझी पाळी येईपर्यंत दुपारचे दोन वाजले. डॉक्टरबाई एका हाताने केळं खात होत्या आणि दुसऱ्या हाताने माझा कागद वाचत होत्या. केळं अर्धं ठेवून त्यांनी हातमोजे चढवले. नाकातून नळी आत गेली. त्या पडद्याकडे बघत राहिल्या, आणि त्यांचा चेहरा एकदम कोरा झाला. असा चेहरा मी केसपेपरच्या खिडकीत बसून, वॉर्डातून बाहेर पडणाऱ्या नातेवाइकांचा पाहिलेला आहे. डॉक्टरचा पहिल्यांदाच पाहिला.

“बरोबर कुणी आहे?”

मी मान हलवली. नाही.

“तुकडा काढून तपासावा लागेल, पण मी तुम्हाला फसवणार नाही. हे चांगलं दिसत नाही. मोठं ऑपरेशन लागेल असं वाटतं.” मग त्यांनी कॅलेंडरकडे बघितलं. “पण तुम्ही वेळेवर आलात, काका. पुढच्या मंगळवारपासून मला दुसऱ्या हॉस्पिटलात पाठवतायत, तिथेही कुणी नाही. सहा आठवडे इथली ही ओपीडी बंद राहील. आज आलात म्हणून तुमची फाइल सर्जनकडे पुढे जाईल.”

नव्या पेशंटला एक सांगतो. त्या खोलीत डॉक्टर काय बोलले ते घरी आल्यावर आठवत नाही. कुणाला तरी बरोबर न्या. त्या संध्याकाळी मला आजाराबद्दलचं धड काही सांगता येत नव्हतं. आठवत होतं ते फक्त ‘सहा आठवडे’.

त्याच वेळी सांगता आलं असतं. खुर्चीत बसल्या बसल्या. ‘बाहेर एक बाई असतील, त्यांना बघा, ती जागा त्यांची होती.’ त्यांनी बघितलंही असतं. केळं अर्धंच खाल्लं असतं, एवढंच. मी उठलो, कागद घेतला आणि बाहेर आलो.

व्हरांडा रिकामा झाला होता. तीन बंद खोल्यांत पंखे फिरत होते. माझ्यामागून सिस्टर दारात आल्या, हातातल्या यादीकडे न बघता, सवयीने त्यांनी हाक मारली.

“एक्केचाळीस?”

व्हरांड्याच्या त्या टोकापर्यंत हाक गेली. कुणी नव्हतं. सिस्टरनी क्षणभर वाट बघितली, स्वतःशीच हसल्या आणि दार लावलं. मी जिन्यापर्यंत भिंतीच्या आधाराने गेलो.

घरी सुलभाला डॉक्टरांचा कागद दाखवला आणि सांगितलं, चाळिसावा नंबर लागला, शेवटचा. तिने आधी डोळे पुसले आणि मग उठून देवासमोर नारळ फोडला. त्या नंबरासाठी. खोबऱ्याचा तुकडा मला गिळवला नाही. तिला वाटलं, आजारामुळे.

वॉर्ड

स्वरयंत्र काढण्याआधीच्या रात्री माणसं काय काय बोलून घेतात. आमच्या गटातल्या एकाने बायकोला गाणं म्हणून दाखवलं. एकाने नातवंडांसाठी स्वतःचा आवाज रेकॉर्ड करून ठेवला. नितीनने माझ्यासमोर फोन धरला आणि म्हणाला, “बाबा, काहीही बोला.” मी सगळ्यांची नावं घेतली. ते रेकॉर्डिंग मी अजून ऐकलेलं नाही. त्याच आवाजात मी ते दोन शब्द बोललो होतो.

ऑपरेशननंतरचे दिवस नळीचे आणि सक्शनचे. सिस्टर येते, गळ्याच्या भोकात बारीक नळी घालते, मशीन सुरू होतं, सगळी छाती वर ओढल्यासारखी होते. मग सुटका. पहिल्यांदा वाटतं जीव गेला. चौथ्या-पाचव्या दिवशी आपणच सिस्टरची वाट बघू लागतो. घाबरू नका, हे खरंच तसं होतं.

पण त्या मशीनचा आवाज मला सहन होत नव्हता. कागद फाटल्यासारखा, वाऱ्यासारखा. शेजारच्या खाटेवर सुरू झालं की मला त्यात शब्द ऐकू यायचे. पुढं होत्या. पुढं होत्या. मी पाटीवर लिहिलं, ‘मशीन बोलतं’. सुलभाने ते डॉक्टरांना दाखवलं. डॉक्टर म्हणाले, औषधांमुळे होतं असं, जाईल. बऱ्याच गोष्टी गेल्या. तो आवाज गेला नाही, अजून नाही.

पाटीबद्दल सांगायला हवं. मुलांची असते तशी पांढरी पाटी आणि मार्कर. मी लिहायचो आणि सुलभा भेटायला आलेल्यांना मोठ्याने वाचून दाखवायची. पण वाचताना ती गाळायची. मी लिहिलं, ‘हा मेव्हणा इतका वेळ बसलाय, याला घरी काम नाही का’, तर ती वाचायची, “म्हणतायत, तुम्ही आलात, बरं वाटलं.” आम्ही दोघं डोळ्यांनी हसायचो. माझं बोलणं आता तिच्या गाळणीतून बाहेर जाणार, हे मला तेव्हाच कळलं, आणि खरं सांगायचं तर त्यात मला सोय वाटली.

एका दुपारी सिस्टर दुसऱ्या सिस्टरला सांगत होती. कॅज्युअल्टीत एका बाईला आणलं, घसा पूर्ण बंद झालेला, घाईघाईत गळ्याला भोक पाडलं. ओपीडी बंद म्हणून दोनदा परत गेलेली. “घोडपदेववरून आलेली. चिठ्ठी मिळाली नाही म्हणे.”

माझ्या हातात पाटी होती. मार्करचं टोपण उघडं होतं. ‘तिचं नाव काय’ एवढंच लिहायचं होतं. मी टोपण लावलं.

घरी परतल्यावर

घरच्यांचे हाल होतात, ते आधी समजून घ्या. मी सहा महिने सगळ्यांवर पाटी आपटत होतो. सुलभा माझ्या जवळ झोपायला घाबरायची, श्वास नाकातून ऐकू येत नाही म्हणून. ती हाताचा तळवा माझ्या गळ्यासमोर धरून बघायची, वारा लागतो का. भोकावर सुती रुमाल बांधा, धूळ जात नाही आणि बघणाऱ्यालाही बरं वाटतं. नातवाने मला विचारलं, “आजोबा, यातून तुमचं बोलणं सांडलं का?” मी मान हलवली. हो.

चपला

तपासणी दर महिन्याला असायची, मंगळवारी, नऊ वाजता. जुन्या पेशंटना चिठ्ठी लागत नाही. तोवर सकाळची रांग मोडलेली असते, लोक बाकांवर बसलेले असतात.

ऑपरेशनला सात-आठ महिने झाले असतील. मी व्हरांड्यात वळलो आणि थांबलो. तिसऱ्या दारासमोर, कुलूप लावलेल्या दारासमोर, चपला काढून ठेवलेल्या होत्या. दाराकडे तोंड करून. कुणीतरी बाहेर चपला काढून आत गेल्यासारख्या. आत दिवा होता, पंख्याची सावली काचेवर फिरत होती.

तपकिरी चपला. मी जवळ गेलो नाही. जवळ जायची गरज नव्हती. निळा दोरा लांबूनही दिसत होता.

पुढच्या महिन्यातही होत्या. त्याच्या पुढच्याही. झाडणारी बाई त्यांच्या कडेने झाडू मारायची. गर्दीतली माणसं वाट वाकडी करून जायची. एकदा स्ट्रेचर आलं, तेही वळून गेलं. मी पवारला पाटीवर लिहून विचारलं, कुणाच्या?

“काय माहीत, नाना. मंगळवारी असतात. शिट्टी मारतो तेव्हा त्यांच्यावर कुणी उभं राहत नाही. दुपारी बघावं तर नसतात.” त्याने आवाज बारीक केला. “आपण कशाला हात लावा?”

मी त्या वर्षात पुस्तिकेची दोन पानं लिहिली. ‘सुदैवाने’ हा शब्द लिहिताना माझ्या डोळ्यांसमोर त्या चपला होत्या, आणि तरी मी तो लिहिला.

कॅन्सर परत आला नाही. प्रत्येक वेळी डॉक्टरबाई म्हणायच्या, “एकदम स्वच्छ.” प्रत्येक वेळी मी बाहेर येऊन त्या चपलांसमोरून जायचो. मला वाटायला लागलं की त्या माझ्या तब्येतीवर लक्ष ठेवून आहेत. मी बरा आहे, हे त्यांना दर महिन्याला कळतं आहे.

शेवटी या पावसाळ्यानंतरच्या एका मंगळवारी तपासणी झाल्यावर घरी गेलो नाही. समोरच्या बाकावर बसून राहिलो. बाराच्या सुमारास माझ्याच बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसलेला एक माणूस उठला. माझ्याच वयाचा, जाड चष्म्याचा. तो सकाळपासून तिथे बसला होता आणि मी त्याच्याकडे बघितलंही नव्हतं. तो दारापर्यंत गेला, वाकला, चाचपडत चपला उचलल्या, फडक्याने पुसल्या आणि पिशवीत घातल्या.

मला हाक मारता येत नाही. मी टाळी वाजवली. तो वळला. पाटीवर लिहिलं, ‘या चपला कुणाच्या?’ त्याने पाटी नाकाजवळ धरली, मग परत दिली. “मला अक्षर दिसत नाही हो. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. खालच्या मजल्यावर तारीख मागायला येतो मंगळवारी, तिथं पण एकच डॉक्टर.” माझ्या गळ्यावरच्या रुमालाला त्याने हलकेच बोट लावलं. “तुमचं पण घशाचंच का? माझ्या बायकोचं पण घशाचंच होतं. सुमन नाव तिचं. घोडपदेवला या कधी. महादेव म्हणून विचारा, कोणीपण सांगेल.”

घोडपदेव

मी घरी तीन दिवस बसून एक कागद लिहिला. जे वर लिहिलं आहे, साधारण तेच. त्यात तीन बंद दारांबद्दलही लिहिलं होतं. मग तो भाग खोडला. डॉक्टर एकच होत्या हे खरं आहे, आणि चार असत्या तर तिला आणि मला दोघांनाही त्याच दिवशी बघितलं असतं, हेही खरं आहे. त्यासाठी जाब विचारायलाच हवा, मी इतरत्र तशी पत्रं लिहिली आहेत. पण चपला डॉक्टरांच्या नसण्याने सरकल्या नव्हत्या.

शनिवारी दुपारी सुलभाला घेऊन गेलो. तिला एवढंच लिहून दाखवलं, ‘एका माणसाला भेटायचंय’. मला वाटलं होतं, त्याच्या घरी वाचणारं कुणीतरी असेल. कुणी नव्हतं. चाळीतली एक खोली, तो एकटा. सुलभाला ‘या वैनी’ म्हणाला आणि चहा टाकला. चपला दाराच्या आत, भिंतीला लागून ठेवल्या होत्या.

तो स्वतःहून सांगू लागला. “तिचा नंबर होता चाळिसावा. ती सांगत होती, मी स्वतः मोजून ठेवल्या चपला. मी म्हटलं, सुमे, झोपेत ठेवल्या असशील, चुकली असशील. तिथला जुना क्लार्क खोटं कशाला बोलेल? ती म्हणायची, नाही, पुढंच होत्या. शेवटपर्यंत म्हणायची. आवाज गेला तर ओठांनी म्हणायची. मी वैतागलो. एकदा वेडी म्हणालो तिला.” त्याने कप खाली ठेवला. “ती गेल्यावर वाटलं, बघावं तरी. मंगळवारी पहाटे जातो, मोजून चाळिसावी जागा धरतो, त्याच दारासमोर चपला ठेवतो आणि बघत बसतो. आपोआप मागं जातात का. कधी गेल्या नाहीत. जिथं ठेवाव्यात तिथंच राहतात.”

मी खिशातून कागद काढून त्याच्यापुढे धरला. त्याने तो हातात घेतला, उलटसुलट केला आणि सुलभाकडे दिला. “वैनी, तुम्हीच वाचा. काय म्हणतायत?”

सुलभा वाचू लागली, नेहमीसारखी, मोठ्याने, सरळ. पावणेसहाला पोचलो. वस्तूंची रांग होती. माझी पिशवी एक्केचाळिसावी. मग तिची नजर पुढच्या ओळीवर गेली आणि ती थांबली. तिने तो नारळ फोडला होता. ती माझ्याकडे बघत होती आणि मला नेमकं माहीत होतं, आता ती गाळेल. म्हणेल, ‘म्हणतायत, तुमच्या बायकोबद्दल फार वाईट वाटलं.’ आणि आम्ही चहा पिऊन निघू.

“ह्यां काय लिवलात?” ती हळूच म्हणाली.

मी मान खाली घातली.

तिने कागद पुन्हा डोळ्यांसमोर धरला. “‘माझ्या पुढे त्या बाईंच्या चपला होत्या. मी त्या पायाने मागे सरकवल्या. विचारलं तेव्हा मी खोटं बोललो.’” तिचा आवाज फाटला, पण ती थांबली नाही. सहा आठवडे वाचलं. एक्केचाळीस वाचलं. टोपण लावलं, तेही वाचलं. एक शब्द गाळला नाही.

महादेवराव उठले. मला वाटलं, मारतील. मारावं असंही वाटलं. ते दारापाशी गेले, चाचपडत चपला उचलून आणल्या आणि माझ्या समोर, फरशीवर, जुळवून ठेवल्या.

“मला नका सांगू,” ते म्हणाले. “मी तिला खोटी ठरवली, माझं मी बघीन. तिला सांगा. तिच्या तोंडावर बोलला होता ना, तसंच तोंडानं सांगा.”

मी तोंड उघडलं. गळ्याच्या भोकातून नुसता वारा गेला, रुमाल हलला. ओठ हलले, पण खोलीत काही ऐकू आलं नाही. महादेवराव चपलांकडे कान करून उभे होते. मी पुन्हा म्हटलं. पुन्हा वारा.

सुलभा माझ्या ओठांकडे बघत होती. ती खाली बसली, त्या चपलांसमोर, आणि स्पष्ट, मोठ्याने म्हणाली, “माझ्या पुढं होत्या.”